सूत निवडताना

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत कापूस पिकत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाचरांत साचलेले पाणी, खाडीकडे खारी जमीन. काळ्या मातीत रुजणाऱ्या आणि वेचणीला कोरडी हवा मागणाऱ्या पिकाचे इथे काय चालणार? तरीही भारतीय वस्त्राच्या विसाव्या शतकातल्या दोन अगदी वेगळ्या वाटा याच मुलखातून गेल्या. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यांचे वडील नरहरपंत बडोद्यात नोकरीला होते आणि विणकामाचे व रंगकामाचे जाणकार होते. मुलगा पुढे टकळी आणि चरख्याचा आयुष्यभराचा अभ्यासक झाला. दुसरी वाट यंत्राची. १९८२ मध्ये शेजारच्या खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. रोहा तालुक्यातल्या नागोठण्याच्या संकुलात कृत्रिम तंतूंना लागणारी रसायने तयार होतात, आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्ये. सुताविषयीचा सगळा वाद इथल्या माणसाच्या अंगणात असा येऊन बसलेला आहे.

हे पुस्तक त्या वादाचा निकाल लावायला लिहिलेले नाही. घरी लहान माग घेऊन बसलेल्या, बचत गटातून पिशव्या, आसने, सतरंज्या करणाऱ्या, शाळेत मुलांना विणकाम शिकवणाऱ्या किंवा भिंतीवरची वस्त्रचित्रे विणणाऱ्या माणसाला दुकानात उभे राहून एक साधा निर्णय घ्यावा लागतो: यातले कोणते सूत घेऊ? ‘नैसर्गिक’, ‘पर्यावरणपूरक’, ‘ऑरगॅनिक’, ‘बांबू’ असे शब्द कोनाकोनावर छापलेले असतात, आणि एका शब्दाच्या सुतावरून स्वर्ग गाठायला आपणही तयारच असतो. तो निर्णय डोळसपणे घेता यावा, एवढ्यासाठी पुढची प्रकरणे आहेत. त्यांच्या आधी काही गोष्टी इथे मांडतो.

पहिली गोष्ट ‘स्थानिक’पणाची. आपल्या गावात तंतू पिकत नाही म्हणजे विणकाम आपले नाही, असे कोणी समजू नये. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, त्या रेवदंड्याशेजारी चौल आहे. सोळाव्या शतकात चौलचे रेशमी कापड पश्चिम किनाऱ्यावर नावाजलेले होते. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन लिहून गेला आहे की कच्चे रेशीम चीनमधून येई आणि त्यावरची कताई-विणाई चौलला होई. रेशमाचा किडा चौलचा नव्हता. हात आणि ज्ञान चौलचे होते. बंदराची सद्दी संपत गेली तसे विणकरही हलले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी मुंबई वसवताना चौलच्या विणकरांना तिकडे बोलावून घेतले. माल दुरून येतो आणि कसब गावात राहते, हे पेणला वेगळे समजावून सांगायला नको. इथल्या गणपतीच्या कारखान्यांना लागणारी शाडूची माती मोठ्या प्रमाणावर गुजरातेतून येते, तरी मूर्ती पेणचीच म्हणवते. शाडू की प्लास्टर, या प्रश्नावर पेण आणि हमरापूरच्या कारागिरांनी गेली कित्येक वर्षे डोके शिणवले आहे. स्वस्त, हलके आणि लवकर वाळणारे साहित्य घ्यावे, की पाण्यात विरघळणारे? त्यात पोटाचा प्रश्न किती आणि पाण्याचा किती? सुताबाबत आपण हेच विचारणार आहोत.

म्हणून सूत पारखताना या पुस्तकात तीन प्रश्न सतत येतील. हा तंतू कोणत्या जमिनीवर, कोणत्या पाण्यावर तयार झाला? तंतूचे सूत होईपर्यंत त्याच्यावर काय काय प्रक्रिया झाल्या आणि त्यात राबणाऱ्याला काय मिळाले? आणि ज्या कामासाठी मी ते घेतो आहे, त्या कामात ते किती टिकेल व टिकून झाल्यावर त्याचे काय होईल? यातला एकच प्रश्न धरून बसले की फसगत होते.

कापसापासून सुरुवात करू, कारण नवशिक्याच्या मागावर बहुधा तोच चढतो. एक किलो सुती कापडामागे जगाच्या सरासरीने दहा हजार लिटर पाणी लागते, असा आकडा वारंवार सांगितला जातो. आकडा खोटा नाही, पण तो सरासरीचा आहे. विदर्भातला बराचसा कापूस पावसाच्या पाण्यावर येतो. कालव्याच्या किंवा उपशाच्या पाण्यावर वाढलेल्या कापसाशी त्याची तुलना एका आकड्यात होत नाही. पाण्यापेक्षा आपल्याकडे बियाण्याचा प्रश्न मोठा आहे. भारताचे मूळचे कापूस म्हणजे अर्बोरियम आणि हर्बेशियम या दोन देशी जाती. त्यांचा धागा आखूड, पण झाड काटक आणि कोरडवाहूला सोसणारे. गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून अमेरिकन हिर्सुटम जात पसरली. १९७० मध्ये ‘एच-४’ हे व्यापारी लागवडीचे पहिले संकरित वाण आले आणि २००२ मध्ये जनुक बदललेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. आज देशातले नव्वद टक्क्यांहून जास्त कापूसक्षेत्र बीटीखाली आहे. सेंद्रिय प्रमाणपत्रात जनुक बदललेले बियाणे चालत नाही, हे लक्षात घेतले की खरे सेंद्रिय सूत कमी का आणि महाग का, ते कळते.

गंमत अशी की गिरणीला नकोसा झालेला आखूड धागा हाताला मानवतो. जाड, मऊ, थोडे तुसाळ सूत देशी कापसापासून छान निघते आणि चादर, टॉवेल, आसन यांना तेच शोभते. विनोबांनी १९३४ मध्ये वर्ध्याला स्थापलेल्या ग्रामसेवा मंडळाच्या गोपुरीत कापसापासून कापडापर्यंतची कामे एका आवारात होत आली आहेत. विनोबांचा दुसरा धडा मजुरीचा आहे. वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या मुक्कामात त्यांनी स्वतः कातून, कातणाऱ्याला मिळते तेवढ्याच मजुरीवर जगून पाहिले. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. सूत ‘टिकाऊ’ आहे का, हे ठरवताना ते कातणारी बाई त्या कामावर टिकते का, हेही मोजले पाहिजे, हा विचार आपल्याकडे तेव्हापासून आहे.

आता मागावरच्या गोष्टी. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस नंबरी सुताच्या पौंडात अशा वीस लडी. नंबर जितका वाढेल तितके सूत बारीक. २/२० म्हणजे वीस नंबरी दोन पदर एकत्र पिळलेले. ताण्याला ओढ आणि फणीचे घर्षण सोसायचे असते, म्हणून तिथे दुपदरी, चांगला पीळ असलेले सूत घ्यावे. बाण्याला तेवढा कस लागत नाही. तिथे हातकताईचे मऊ, एकपदरी सूत खुशाल वापरावे. नवशिक्याने ताणाही हातसुताचा धरला की धागे तुटतात, तो वैतागतो आणि माग माळ्यावर जातो. ताणा गिरणीच्या सुती लडीचा आणि बाणा हातसुताचा, ही तडजोड अनेकांना मानवते. लडीचा आणखी एक फायदा: ती घरच्या पातेल्यात रंगवता येते, कोनावर घट्ट गुंडाळलेले सूत तसे रंगत नाही. हातमागाला लडी मिळत राहाव्यात म्हणून गिरण्यांवर सुताचा ठरावीक हिस्सा लडीत बांधण्याचे सरकारी बंधन आहे. पूर्वी तो हिस्सा निम्मा होता, २००३ मध्ये चाळीस टक्के झाला आणि २०१९ मध्ये तीस. छोट्या गावातल्या विणकराला लडी शोधत फिरावे का लागते, त्याची थोडी कल्पना या आकड्यांतून येते.

शिक्क्यांबद्दल दोन शब्द. हातमागाचा शिक्का २००६ पासून आहे, खादीचा २०१३ पासून. पहिला विणाईबद्दल बोलतो, दुसरा कताईबद्दलही. दोन्ही कापूस सेंद्रिय असल्याची हमी देत नाहीत. खादी भांडारात ‘पॉलीवस्त्र’ही असते आणि त्यात पॉलिस्टर मिसळलेले असते, म्हणून चिठ्ठी वाचल्याशिवाय घेऊ नये. ‘गॉट्स’ या आंतरराष्ट्रीय मानकात निदान सत्तर टक्के सेंद्रिय तंतू लागतात आणि नुसते ‘सेंद्रिय’ असे लिहायला पंच्याण्णव टक्के; शिवाय रंगकामाची रसायने, सांडपाणी आणि कामगारांची स्थितीही त्यात पाहतात. चांगले आहे, पण हे प्रमाणपत्र मोठ्या साखळीला परवडते. विदर्भातल्या छोट्या संस्थेकडे ते नसले म्हणून तिचे सूत हलके ठरत नाही. तिथे मग सरळ विचारायचे: कापूस कोणाचा, पिंजला कुठे, कातला कोणी?

सर्वांत जास्त घोटाळा ‘बांबू’च्या सुतात होतो. बाजारातले मऊ, चकचकीत बांबू सूत बहुतेक वेळा व्हिस्कोस असते. झाडाचा लगदा कॉस्टिक आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवायचा आणि बारीक छिद्रांतून पुन्हा तंतू ओढायचा, अशी त्याची कृती. कार्बन डायसल्फाइड हे कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक रसायन आहे. बांबू निसर्गातला आहे खरा, पण सुतापर्यंतची वाट कारखान्याची आहे. हे घरी ओळखायचे कसे? सूत जाळून पाहण्याची परीक्षा बहुतेकांना ठाऊक असते. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते; लोकर व रेशीम जळक्या केसांचा वास देतात आणि त्यांची गुठळी बोटांत चुरडते; पॉलिस्टर वितळते आणि थंड झाल्यावर कडक मणी होतो. पण व्हिस्कोससुद्धा कापसासारखेच जळते, त्यामुळे तिथे ही परीक्षा उपयोगाची नाही. अशा वेळी धागा पाण्यात भिजवून ओढावा. कापूस ओला झाल्यावर अधिक घट्ट होतो, व्हिस्कोसचा कस मात्र निम्म्याच्या आसपास उतरतो आणि ओला भाग पटकन तुटतो. शंका राहिलीच तर मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून चालत आलेली कापूस तंत्रज्ञान संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. तिच्या प्रयोगशाळेत तंतूंची आणि सुताची तपासणी होते.

लोकर आणि रेशीम यांचा परिचय पुस्तकात थोडक्यात आहे, कारण दोन्ही आपल्याकडे पाहुणे आहेत. पण लोकरीचा पाहुणा जुना आहे. दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढ्या घेऊन घाट उतरतात, कापणी झालेल्या शेतात मेंढरे बसवतात आणि शेताला खत मिळते. दख्खनी मेंढीची लोकर राठ. अंगाला टोचते, म्हणून शालीच्या कामाची नाही. घोंगडीला मात्र तीच हवी. चिंचोक्याची खळ लावून विणलेली घोंगडी कोकणातल्या लावणीच्या पावसातही डोक्यावर घेता येते. या लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही म्हणून कातरलेली लोकर टाकून देण्याची वेळ येते. आसने, गालिचे, पिशव्यांचे तळ यांसाठी ती घेणारा विणकर एका वाया जाणाऱ्या मालाला वाट करून देतो. टसर रेशीम भंडारा-गडचिरोलीच्या जंगलांतून येते, आणि टसरचा किडा तिथे ज्या ऐनाच्या पाल्यावर वाढतो तो ऐन आपल्या रोह्याच्या डोंगरांवरही आहे.

आपल्या मातीत निघणारे तंतू वेगळे आहेत आणि ते दोराचे आहेत. बांधावर येणारी अंबाडी, कुंपणाला लावलेले घायपात, वाडीतली केळ, नारळाचा काथ्या. अंबाडीचा पाला भाजीला, बोंडे आंबट कामाला आणि साल पाण्यात कुजवून निघालेला वाख दाव्या-कासऱ्याला, शिंक्याला. हे तंतू अंगावरच्या कापडाला चालत नाहीत, आणि तसा आग्रह धरून जाहिरात करू नये. पण टेबलावरची चटई, पायपुसणे, टोपल्यांचे काठ, दिव्यांच्या झाकण्या यांत बाणा म्हणून ते उत्तम बसतात. केळीचा घड उतरल्यावर खुंट कापून टाकावाच लागतो. त्यातून निघणाऱ्या तंतूसाठी वेगळी जमीन लागत नाही. तोटेही सांगितले पाहिजेत. साल कुजवताना पाण्याला दुर्गंध येतो आणि त्यातला प्राणवायू कमी होतो. म्हणून हे काम गावच्या पिण्याच्या पाण्यापासून आणि मासळीच्या डबक्यापासून लांब, लहान टाकीत करावे.

आणि प्रत्येक जागी निसर्गातलाच तंतू हवा, हा हट्टही बरा नव्हे. कोळ्यांची जाळी एके काळी तागाची आणि सुताची असत. ती कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात पुन्हा पुन्हा उकळावी आणि वाळवावी लागत. नायलॉन आल्यावर हे कष्ट वाचले. कोळी नायलॉन सोडतील ही अपेक्षा धरणे चूक. पण जे नायलॉन पाण्यात कुजत नाही म्हणून जाळ्याला चांगले, तेच फाटून खाडीत सुटले की वर्षानुवर्षे तिथेच राहते. पॉलिस्टरचेही तसेच. धुताना त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात आणि सांडपाण्यातून खाडीत उतरतात. रोज धुतला जाणारा टॉवेल आणि वर्षातून एकदा झटकला जाणारा पडदा यांना म्हणूनच एक माप लावता येत नाही.

हवेचा विचार कोकणातल्या विणकराला टाळता येत नाही. प्रमाणित हवेत कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरतो, रेशीम अकरा, लोकर सोळा आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. दमट हवेत सुती ताणा कमी तुटतो. मुंबईच्या गिरण्यांनाही समुद्राच्या हवेचा हा फायदा होता. पण आषाढ-श्रावणात खळ लावलेल्या ताण्यावर बुरशी चढते. आपल्याकडे तांदूळ मुबलक, तेव्हा पेजेची खळ घरचीच. ती पातळ लावावी, ताणा दिवसेंदिवस मागावर ठेवू नये, किंवा पावसाळ्यात खळीची गरज नसलेले दुपदरी सूतच घ्यावे. वजनावर सूत विकत घेताना भर पावसातल्या किलोत पाण्याचाही थोडा हिस्सा असतो, हे ध्यानात ठेवावे.

रंगांचे प्रकरण मोठे आहे, कारण इथे आपला डोंगर श्रीमंत आहे. हिरडा आणि तुरटी यांची जोडी सुती धाग्यावर रंग पक्का बसवते. हिरड्यावर लोखंडाचे पाणी दिले की करडा ते काळा रंग येतो. बारतोंडीच्या मुळाचा लाल, खैराच्या काताचा तपकिरी. पळसाच्या फुलांचा पिवळा-केशरी रंग सुंदर, पण उन्हात उडतो. खिडकीच्या पडद्याला तो वापरू नये. वनस्पतीचा रंग म्हणजे निर्दोष रंग, असेही नाही. पेण-रोह्याच्या डोंगरांतल्या कातकरी समाजाचा पूर्वापार धंदा कात पाडण्याचा. कात खैराच्या गाभ्यातून निघतो, म्हणजे झाड तोडावे लागते. बारतोंडीचे मूळ खणले तर झाड जाते. हिरड्याची फळे मात्र गोळा करता येतात आणि झाड उभे राहते. मोरचूद किंवा क्रोम वापरून बसवलेला ‘नैसर्गिक’ रंग नाल्यात ओतला तर कुंडलिकेला त्याने काही सुख होत नाही. उलट बाजूने, सगळे कृत्रिम रंग सारखेच विषारी नसतात. कर्करोगाशी संबंध असलेल्या काही अॅझो रंगांवर भारताने १९९० च्या दशकात बंदी घातली. उरलेल्यांत कमी पाण्यात, कमी मिठात बसणारे रंग निवडता येतात.

शेवटचे प्रकरण विकत न घेण्याच्या सुताबद्दल आहे. जुन्या सुती साड्या आणि लुगड्यांच्या पट्ट्या फाडून त्यांचा बाणा करायचा, ताण्याला नवे सूत द्यायचे, की सतरंजी तयार. गोधडी शिवणाऱ्या घरांना चिंध्यांचे मोल सांगायला नको. त्या कापसाचे पाणी, खत, कताई, रंग हे सगळे आधीच खर्च झालेले असते. त्यावर नवा भार जवळजवळ शून्य. अट एकच: साडी सुती असावी. पॉलिस्टरच्या पट्ट्या सरकतात, पाणी शोषत नाहीत आणि सतरंजी पायाखाली घसरते.

पुस्तक वाचायची रीत सोपी आहे. आधी आपण काय विणणार आणि ते किती वेळा धुतले जाणार, ते ठरवा. मग त्या कामाचे प्रकरण उघडा. सूत आधी एक लडी घ्या, वीतभर विणा, तीनदा धुवा, उन्हात वाळवा, मोजा. आटले किती, रंग गेला किती, तूस किती आले, हे लिहून ठेवा आणि मगच किलोवारी घ्या. विकायच्या वस्तूवर तंतू कोणता, सूत कुठून आले आणि रंग कशाचा, एवढी तीन ओळींची चिठ्ठी लावा. जिथे पॉलिस्टर मिसळले असेल तिथे तेही लिहा. आपल्या मागावरचे कापड बाजारातल्यापेक्षा महाग का, हे गिऱ्हाईकाला नीट सांगता यावे आणि ते सांगताना एकही शब्द वाढवून बोलावा लागू नये, एवढीच या पुस्तकाची अपेक्षा आहे.